दाभडीची हुंडी

२० मार्च २०१४ हा प्रायश्चित्तकाळाच्या दुसऱ्या आठवड्यातील गुरुवार होता. त्या दिवशीच्या मिस्सासाठी नेमलेली वाचने दोन. पहिले यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायातील, केवळ मनुष्यावर भिस्त ठेवणाऱ्याची तुलना रुक्ष रानातील झुडपाशी करणारे. दुसरे संत लूकच्या शुभवर्तमानातील, श्रीमंताच्या दाराशी पडून राहिलेल्या लाजरसाचे. त्याच दिवशी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातील दाभडी या गावी, तेव्हाचे गुजरातचे मुख्यमंत्री आणि भारतीय जनता पक्षाचे पंतप्रधानपदाचे उमेदवार श्री. नरेंद्र मोदी 'चाय पे चर्चा' या कार्यक्रमात शेतकऱ्यांशी बोलले.

त्या सकाळी मी वेदीवरून काय बोललो ते मला आजही आठवते आणि आठवले की संकोच वाटतो. मी उपवासाविषयी बोललो, दारूविषयी बोललो, कुटुंबात एकत्र प्रार्थना होत नाही याविषयी बोललो. आपल्या जिल्ह्यात दाराशी पडलेला लाजरस कोण, हे मात्र मी एका शब्दानेही सांगितले नाही. ते त्या दिवशी एका राजकीय पुढाऱ्याने सांगितले. लोकांनी कान टवकारून त्याचे ऐकले, यात नवल ते काय?

हा लेख एखाद्या पक्षाच्या बाजूने किंवा विरुद्ध लिहिलेला नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो. चर्चच्या कायद्याने धर्मगुरूला पक्षीय राजकारणात सक्रिय होण्यापासून दूर ठेवले आहे आणि ते योग्यच आहे. माझा वाद वक्त्याशी थोडा आणि श्रोत्यांशी अधिक आहे. आणि त्या श्रोत्यांत तुम्ही, मी आणि आपली धर्मग्रामातील कुटुंबे सगळीच आलो. चांगले भाषण ऐकल्यावर मतदाराने काय करावे, हा माझा प्रश्न आहे. आपण जे करीत आलो आहोत ते चुकीचे आहे, एवढेच नव्हे तर ते आपल्याच भावंडांच्या जिवावर बेतले आहे, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम दाभडीच का, ते पाहू. भाषणापूर्वी बरोबर एक दिवस, म्हणजे १९ मार्चला, आमच्या जिल्ह्यात एक स्मृतिदिन असतो. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातील चिलगव्हाण येथील एका शेतकऱ्याने पत्नी आणि चार मुलांसह आपले जीवन संपविले. कर्जापायी झालेली महाराष्ट्रातील पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून तिचा उल्लेख होतो. त्या दिवशी अनेक ठिकाणी लोक अन्नत्याग करतात. आपल्या पंचांगात १९ मार्च हा संत जोसेफ यांचा, म्हणजे हाताच्या कष्टावर कुटुंब पोसणाऱ्या संताचा सण. हे दोन दिवस एकच आहेत, हे किती धर्मग्रामांत कोणाच्या ध्यानी आले असेल?

तेव्हापासून यवतमाळ हे नाव देशाच्या राजकारणात एक ठिकाण न राहता एक दाखला होऊन बसले. २००६ च्या जुलैत तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. २००८ च्या अर्थसंकल्पात देशव्यापी कर्जमाफी आली. परंतु पूर्ण माफीला दोन हेक्टरांची मर्यादा होती आणि आमचा कोरडवाहू शेतकरी सात-आठ एकरांचा धनी असूनही ओलिताच्या दोन एकरवाल्याहून गरीब असतो, हे दिल्लीच्या हिशेबात बसले नाही. त्याच वर्षी २२ जुलैला, अणुकरारावरील विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी, श्री. राहुल गांधी यांनी आमच्या जिल्ह्यातील जळका गावच्या एका विधवा भगिनीचे नाव लोकसभेत घेतले. पुढे २०२३ मध्ये अविश्वास ठरावाच्या चर्चेत गृहमंत्री श्री. अमित शहा यांनी तीच कहाणी उलट बाजूने सांगितली आणि तिला मदत कोणी केली यावर दोन पक्षांत जुंपली. एका बाईचे दुःख पंधरा वर्षे दोन्ही बाकांवरून वाजविले गेले. कापसाला भाव किती मिळावा, हा तिच्या घरातला मूळ प्रश्न मात्र त्या गदारोळात कोणाच्या तोंडी नव्हता.

आता दाभडीच्या भाषणाकडे येऊ. ते प्रभावी होते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. वक्ता उंच व्यासपीठावरून गर्जत नव्हता. चहाच्या निमित्ताने शेतकऱ्यांमध्ये बसून बोलत होता, आणि देशभर ठिकठिकाणी लोक ते पडद्यावर पाहत होते. त्या प्रचारमोहिमेत दोन गोष्टी शेतकऱ्याच्या मनात खोल उतरल्या. एक, उत्पादनखर्चावर पन्नास टक्के नफा मिळेल असा भाव. दुसरी, आपल्या कापसाचे सूत, सुताचे कापड आणि कापडाचे कपडे आपल्याच मुलखात व्हावेत, हे स्वप्न. पहिली गोष्ट नवीन नव्हती. डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००६ मध्येच ती शिफारस केली होती आणि तेव्हाच्या सरकारने ती अमलात आणली नव्हती. दाभडीनंतर १८ दिवसांनी, ७ एप्रिलला प्रसिद्ध झालेल्या भाजपच्या जाहीरनाम्यातही ती आली. १० एप्रिलला विदर्भात मतदान झाले.

त्या दिवसांत मला भेटलेल्या शेतकऱ्यांचे चेहरे मी विसरलेलो नाही. मिस्सा आटोपून बाहेर पडताना एक प्रौढ गृहस्थ म्हणाले, "फादर, आता पिकाले भाव भेटन. हा माणूस करून दाखवते." त्यांच्या आवाजात लाचारी नव्हती. कुणीतरी आपली नोंद घेतली, याचा तो आनंद होता.

म्हणून जी सुशिक्षित मंडळी आज म्हणतात की, भोळे लोक भाषणाला भुलले, त्यांच्याशी माझे मुळीच जमत नाही. शेतकरी भोळा नसतो. मृग नक्षत्रात पावसाची हमी नसताना तो उसनवारीचे बियाणे मातीत टाकतो, तेव्हा धोका काय आहे हे त्याला हवामान खात्याहून अधिक कळत असते. आशा धरणे हा गुन्हा नाही. आपल्या श्रद्धेत तर श्रद्धा आणि प्रीती यांच्या जोडीने आशा हा सद्गुण मानला आहे. ज्याने आशा दाखविली त्याला सोडून ज्याने आशा केली त्याला हसणे, हा माझ्या मते निर्दयपणा आहे.

तथापि, तोच शेतकरी सावकाराकडून पैसे घेतो तेव्हा कागदावर आकडा पाहतो, मुदत विचारतो, जामीन कोण हे ठरवितो. अंगठा उठविण्यापूर्वी शेजाऱ्याला कागद वाचायला लावतो. मग निवडणुकीतील वचन स्वीकारताना ही सारी शहाणी सवय कुठे जाते? भाषण ही एक हुंडी आहे. ती लिहिणारा आज आपले मत घेतो आणि उद्या काही देण्याचे कबूल करतो. जुन्या पेढ्यांवर हुंडी दोन प्रकारची असे: दाखविताच पैसे मिळावेत अशी दर्शनी आणि ठरावीक दिवसांनी पैसे मिळावेत अशी मुदती. निवडणुकीतील हुंडी बहुधा तिसऱ्याच प्रकारची असते. तिच्यावर ना रक्कम धड लिहिलेली, ना मुदत, ना जामीन. आणि आपण ती घेऊन टाळ्या वाजवीत घरी येतो.

दाभडीच्या हुंडीचे पुढे काय झाले, ते आकड्यांनीच पाहावे. २०१३-१४ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ३,७०० रुपये होता. सत्तांतरानंतरच्या २०१४-१५ च्या हंगामात तो ३,७५० रुपये झाला. ऐकले होते पन्नास टक्के. वाढले पन्नास रुपये. पुढच्या वर्षी आणखी पन्नास. दरम्यान फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले की, खर्चावर पन्नास टक्के वाढ देण्याने बाजारात विकृती निर्माण होऊ शकते. हे म्हणणे अर्थशास्त्रदृष्ट्या बरोबर की चूक, यावर विद्वानांनी वाद घालावा. पण ते बरोबर असेल तर ते दाभडीत ठाऊक नव्हते काय? आणि ठाऊक नसेल तर अकरा महिन्यांत असे कोणते नवे ज्ञान प्राप्त झाले?

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की गोष्ट तिथेच थांबली नाही. २०१८ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री श्री. अरुण जेटली यांनी खर्चाच्या दीडपट हमीभावाचे धोरण जाहीर केले आणि २०१८-१९ मध्ये मध्यम धाग्याच्या कापसाचा भाव ४,०२० वरून एकदम ५,१५० रुपयांवर गेला. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो ७,७१० रुपये आहे आणि सरकारी हिशेबात खर्च ५,१४० रुपये धरलेला आहे. गुणाकार करून पाहा, बरोबर दीडपट. मग वचन पाळले गेले, असे म्हणावे काय?

येथेच रक्कम नीट न लिहिलेल्या हुंडीची गंमत कळते. 'खर्च' या शब्दाचे सरकारी हिशेबात तीन अर्थ आहेत. पहिला, ज्याला 'ए-टू' म्हणतात तो, म्हणजे बियाणे, खत, औषध, मजुरी, इंधन यांसाठी प्रत्यक्ष खिशातून गेलेला पैसा. दुसऱ्यात, म्हणजे 'ए-टू अधिक एफ-एल' यात, घरच्या माणसांच्या श्रमांची किंमत मिळविली जाते. तिसरा 'सी-टू', त्यात स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याज हेही धरले जाते. सरकारने दुसऱ्या अर्थावर दीडपट दिली. शेतकरी संघटनांचा आग्रह तिसऱ्या अर्थाचा आहे. टाळ्या पडल्या तेव्हा कोणता अर्थ मनात होता? वक्त्याने सांगितले नाही हे खरे. पण ऐकणाऱ्यांपैकी कुणी विचारलेही नाही.

आणि हमीभाव छापला म्हणजे मिळाला असेही नाही. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर कापसात ओलावा बारा टक्क्यांहून अधिक निघाला की गाडी परत फिरते. दिवाळीच्या आधी पैशाची निकड असलेला माणूस केंद्र उघडण्याची वाट पाहू शकत नाही; तो खेडा खरेदीवाल्याला मिळेल त्या भावात कापूस घालतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत माफ केले, म्हणजे आमचा कापूस घरात येण्याच्या ऐन वेळी. गिरण्यांची अडचण खरी असेल. परंतु एका हाताने हमी आणि दुसऱ्या हाताने स्पर्धा, हा हिशेब दाभडीच्या चहाबरोबर कोणी सांगितला नव्हता.

आता मतदारांच्या प्रतिक्रियांकडे वळतो. गेल्या काही निवडणुकांत मी त्या जवळून पाहिल्या आहेत आणि मला त्या मुख्यतः तीन दिसतात.

पहिली प्रतिक्रिया भारावून जाण्याची. भाषण आवडले की माणूस आवडतो. माणूस आवडला की त्याला प्रश्न विचारणे हा द्रोह वाटू लागतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या व्यक्तिपूजेच्या धोक्याचा स्पष्ट इशारा दिला होता. भक्तीला धर्मात स्थान असेल, राजकारणात ती देशाला हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा मथितार्थ होता. आपण ख्रिस्ती लोकांनी तर हे अधिक लवकर ओळखायला हवे, कारण भक्ती कोणाची करावी हे आपल्याला पहिल्या आज्ञेतच शिकविले आहे. पण आपल्याही घरांत मी पाहतो: एका घरात एका पुढाऱ्याविरुद्ध अवाक्षर चालत नाही, दुसऱ्या घरात दुसऱ्याविरुद्ध, आणि जेवणाच्या पंक्तीत भाऊ भावाशी बोलेनासा होतो.

दुसरी प्रतिक्रिया खांदे उडविण्याची. "सगळे सारखेच, फादर. आपण कशाला बोलायचे?" हे वाक्य शहाणपणाचे वाटते, पण ते आळसाचे आहे. सगळे सारखेच असतील तर प्रत्येकाकडून सारखाच हिशेब मागता येतो. कोणाकडूनच न मागण्याचे ते कारण कसे होईल? शिवाय जो आज खांदे उडवितो तोच पाच वर्षांनी नव्या वक्त्याच्या सभेत पुढच्या रांगेत बसलेला मी पाहिला आहे. निराशा आणि भारावून जाणे या एकाच घरच्या दोन खोल्या आहेत. माणूस एकीतून दुसरीत ये-जा करतो. घराबाहेर पडून प्रश्न विचारीत नाही.

याच प्रतिक्रियेचे एक रागीट रूप आहे: माणूस बदलून टाकणे. आर्णी विधानसभा क्षेत्र ज्यात मोडते त्या चंद्रपूर लोकसभा मतदारसंघाने २०१४ मध्ये भाजपचे श्री. हंसराज अहीर यांना निवडून दिले आणि २०१९ मध्ये काँग्रेसचे श्री. बाळू धानोरकर यांना. त्या वर्षी काँग्रेसला महाराष्ट्रात मिळालेली ती एकमेव जागा. या निकालाचे सारे श्रेय दाभडीच्या न वटलेल्या हुंडीला देणे भाबडेपणाचे ठरेल; त्याला इतर अनेक कारणे होती. मला एवढेच म्हणायचे आहे की खासदार बदलण्याचा अधिकार आपण वापरतो आणि तो वापरलाच पाहिजे. पण केवळ माणूस बदलल्याने जुनी हुंडी वसूल होत नाही. नवा माणूस म्हणतो, ती मी लिहिलीच नव्हती.

तिसरी प्रतिक्रिया मला सर्वांत जास्त बोचते, कारण ती आपली आहे. आपला समाज या जिल्ह्यात मूठभर. त्यामुळे उमेदवार आला की आपण विचारतो: आमच्या दफनभूमीच्या भिंतीचे काय? सभामंडपाचे काय? रस्त्याच्या फरशीचे काय? उमेदवार हसून होकार देतो, फादरांना शाल घालतो, छायाचित्र निघते. मीही ती शाल घेतली आहे. भिंत मागू नये असे मी म्हणत नाही; ती आपला हक्कच आहे. परंतु देशातल्या अन्नदात्याच्या भावाविषयी बोलणी चाललेली असताना आपण भिंतीवर समाधान मानतो, तेव्हा आपण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा एक महत्त्वाचा धडा विसरतो. परिषदेने १९६५ मध्ये मतदान हा नागरिकाचा हक्कच नव्हे तर कर्तव्य आहे आणि ते सर्वांच्या कल्याणासाठी बजावायचे आहे, असे शिकविले. सर्वांच्या, केवळ आपल्या धर्मग्रामाच्या नव्हे. श्रीमंताचा लाजरसाशी काही वैरभाव होता असे शुभवर्तमान सांगत नाही. तो आपल्या कुंपणात सुखी होता, एवढाच त्याचा अपराध.

मग मतदाराने करावे काय? माझे उत्तर साधे आहे. प्रेरक भाषण ऐकावे, आवडले तर टाळीही वाजवावी. पण टाळीनंतर तीन प्रश्न विचारावेत. रक्कम किती, म्हणजे या शब्दाचा नेमका अर्थ काय? मुदत कोणती? आणि जामीन काय, म्हणजे वचन मोडले तर तुम्ही काय गमवाल?

हे प्रश्न कल्पनेतले नाहीत. आमच्याच जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली येथे जन्मलेले श्री. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. १९६५ च्या सुमारास, अन्नटंचाईच्या दिवसांत, दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला जाहीर फाशी द्या, असे ते पुण्यात शनिवारवाड्यासमोर म्हणाल्याची आठवण जुनी मंडळी सांगतात. ते वचन पूर्णांशाने फळले असे मी म्हणणार नाही. १९७२ च्या दुष्काळाने राज्याला पुन्हा गुडघ्यावर आणले आणि त्या आपत्तीतून रोजगार हमी योजना आकारास आली. पण वाक्याची घडण पाहा. काय करणार ते सांगितले, किती दिवसांत ते सांगितले आणि न झाल्यास काय तेही सांगितले. ते ऐकणाऱ्याला हिशेब मागण्याचा अधिकार वक्त्यानेच हाती दिला होता. आज अशी हुंडी लिहिणारा कोण आहे? आणि लिहून मागणारा तरी कोण आहे?

कोणी म्हणेल, वचन मोडले तर न्यायालयात जा. तेथे ही हुंडी वटत नाही. ५ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या एका प्रकरणात, जाहीरनाम्यातील आश्वासने हा निवडणूक कायद्याखालील भ्रष्टाचार ठरत नाही असा निर्णय दिला, मात्र निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे घालून देण्यास सांगितले. त्यानुसार आयोगाने फेब्रुवारी २०१४ मध्ये, म्हणजे दाभडीच्या जेमतेम महिनाभर आधी, आचारसंहितेत नवा भाग घातला: आश्वासनामागील तर्क आणि त्यासाठी पैसा कोठून आणणार, हे पक्षांनी जाहीरनाम्यात दाखवावे. नियम झाला. तो पक्षांना आठवून देणारा मतदार झाला नाही. जे न्यायालय करू शकत नाही ते मतदारानेच करायचे असते, दुसरा वसुलीदार नाही.

यावर कोणी म्हणेल की सरकारने काही दिलेच नाही असे नाही. खरे आहे. दाभडीनंतर श्री. मोदी पंतप्रधान या नात्याने १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पांढरकवड्याला बचत गटांच्या महिलांच्या मेळाव्यास आले. पुलवामाच्या हल्ल्याला तेव्हा दोनच दिवस झाले होते आणि साहजिकच सर्वांचे मन तिकडे होते. पुन्हा ते २८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळजवळ आले आणि किसान सन्मान निधीचा सोळावा हप्ता येथूनच देशभर सोडला गेला. वर्षाला केंद्राचे सहा हजार आणि राज्याचे सहा हजार रुपये ज्या घरात येतात त्या घराला त्यांचे मोल आहे. ज्याला बियाणे घ्यायचे असते त्याला विचारा. पण भाव ही घामाची किंमत आहे आणि हप्ता ही मदत. भाव मागणाऱ्याच्या हातावर मदत ठेवली की विषय बदलतो, आणि मागणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही की विषय बदलला. दोन्ही वेळा निवडणूक तोंडावर होती. दोन्ही वेळा सभेला मोठी गर्दी लोटली. दाभडीत ऐकलेल्या पन्नास टक्क्यांचा अर्थ कोणता, हा प्रश्न त्या गर्दीला ऐकू येईल असा कोणी विचारला?

माझी सूचना अशी. प्रत्येक धर्मग्रामात, किंबहुना प्रत्येक गावात, एक वचनवही असावी. शाळेची शंभर पानी वही पुरे. डाव्या बाजूला लिहावे: कोण बोलले, कोठे, कोणत्या तारखेला, नेमके काय. उजव्या बाजूला तीन रकाने: अर्थ, मुदत, आजची स्थिती. वही कोणत्याही एका पक्षाची नसावी. सत्ताधाऱ्याचे वचन जसे लिहावे तसेच विरोधकाचेही. २००८ च्या कर्जमाफीतील दोन हेक्टरांची अट आणि २०१४ चे पन्नास टक्के एकाच वहीत असावेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरच्या आंदोलनानंतर राज्य सरकारने कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेऊ असे जाहीर केले, तेही त्याच वहीत यावे. त्या घोषणेला निदान तारीख तरी होती आणि म्हणून तिचे काय झाले हे तारखेनिशी विचारता येते. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरावी लागते. तेथे ही वही उघडावी. उत्तर न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज द्यावा. तरुणांनी लिहावे, वडीलधाऱ्यांनी सही करावी. भगिनींनी विशेष पुढे यावे; कर्जाचा कागद पुरुषाच्या नावाने असतो, पण तो गेल्यावर तालुक्याच्या कचेरीत 'पात्र' की 'अपात्र' या निकालाची वाट पाहत बसते ती त्याची पत्नी.

एवढे केल्याने कापसाचा भाव उद्या वाढेल, असे मी म्हणत नाही. कोणी तसे म्हणाले तर तेही वहीत लिहा! पण ज्या वक्त्याला ठाऊक आहे की समोरच्या गर्दीत कुणीतरी लिहून घेत आहे, तो शब्द जपून वापरतो. मी स्वतः दर रविवारी प्रवचन देतो. ज्या दिवशी पहिल्या बाकावरील एखादी मुलगी वही काढून लिहू लागते, त्या दिवशी माझी जीभ आपोआप लगामात राहते. वक्ते सगळे सारखेच. धर्मगुरूही त्याला अपवाद नाहीत. श्रोता जागा असेल तर वक्ता प्रामाणिक राहतो.

काही वर्षांनी मला मिस्सानंतर भेटलेले तेच गृहस्थ पुन्हा भेटले. भाव मिळेल म्हणून ज्यांचा चेहरा उजळला होता तेच. मी विचारले, "काय म्हणते दाभडीची चर्चा?" ते हसले. म्हणाले, "फादर, चहा त्यायनं पाजला म्हणतात. पण हाटेलवाल्याची उधारी तं आपल्याच वहीत हाय."

त्यांनी थट्टेत सांगितले. मला ते गंभीरपणे घ्यावेसे वाटते. एका कप चहाची उधारी हॉटेलवाला तारखेनिशी लिहून ठेवतो आणि महिनाअखेर न लाजता मागतो. त्यात त्याला कुणाचा अपमान वाटत नाही की कुणाशी वैर वाटत नाही. आपल्याला कबूल केलेल्या भावाची उधारी मात्र आपण कोठे लिहिलेली नाही. पुढची सभा होईल, पुढचा वक्ता येईल, कदाचित आधीच्याहून सुरेख बोलेल. त्या दिवशी सभेला अवश्य जावे. जाताना खिशात एक पेन्सिल असू द्यावी.